दगडू, एनेबिश आणि आजचा आरव

बुधवार पेठेतला गणपती सगळ्यांना माहीत आहे तो एका मिठाईवाल्याच्या नावानं : दगडूशेठ हलवाई. हे नाव आपण इतक्यांदा घेतो की त्यातला दगड आता कानाला जाणवतच नाही. जुन्या महाराष्ट्रात अशी नावं घरोघरी होती. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिरड्या. ज्या घरात आधीची मुलं दगावलेली असत, तिथे नव्या बाळाला मुद्दाम असं नाव ठेवत. यमाला किंवा सटवाईला वाटावं, हे काय उचलायचं, हा तर केर आहे. कुणी बाळासाठी शेजारीपाजारी भीक मागून आणत आणि त्याला भिकू म्हणत. कुणी मुलाच्या नाकात नथ घालत, म्हणजे तो मुलगी समजला जाईल. तो झाला नथू.

हीच युक्ती मंगोलियात सापडते. तिथल्या ‘एनेबिश’ या नावाचा अर्थ ‘हा नव्हे’, ‘खुनबिश’ म्हणजे ‘माणूस नव्हे’ आणि ‘नेरगुई’ म्हणजे चक्क ‘निनावी’. दुष्ट शक्ती बाळाला शोधत आली, तर तिला चुकीचा पत्ता मिळावा, हा हेतू. नायजेरियातले योरुबा लोक एकामागून एक मूल गेलं की तेच मूल परतपरत जन्माला येऊन जातंय असं मानत. त्यांची नावं थेट विनवणी करतात : ‘मालोमो’, पुन्हा जाऊ नकोस. या तिन्ही समाजांनी एकमेकांकडून काही उचललेलं नाही. तिन्हीकडे बालमृत्यू मात्र सारखेच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांतली दोनशेहून अधिक पहिल्या वाढदिवसाआधीच जात. २०२०च्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा हा आकडा १६ होता. लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि नवे दगडू जन्माला येणं थांबलं.

म्हणून मला वाटतं, नावाचा शब्दकोशातला अर्थ शोधून भागत नाही. ते कोणत्या कामासाठी ठेवलं होतं, हे विचारावं लागतं. ‘दगडू’ आणि ‘नकुसा’ ही दोन्ही नावं वरवर सारखीच तुच्छ वाटतात. पण दगडूचे आईबाप मृत्यूशी खोटं बोलत होते, कारण त्यांना ते मूल हवंच होतं. नकुसाचे आईबाप मुलीला खरं तेच सांगत होते. २०११च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एका सरकारी कार्यक्रमात अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं मिळाली. त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील, त्यांना नव्याच नावानं हाक मिळत असावी.

पुण्यानं पेठांना वारांची नावं दिली. घानातले अकान लोक ती माणसांना देतात. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, बुधवारचा क्वाकू, सोमवारचा क्वाड्वो. म्यानमारमध्येही परंपरेनं वार महत्त्वाचा, पण तिथे वारावरून अक्षर ठरतं. मराठी वाचकाला ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल, कारण बर्मी लिपीही ब्राह्मीतूनच निघाली आहे : सोमवारला क-वर्ग, मंगळवारला च-वर्ग, गुरुवारला प-वर्ग, शनिवारला त-वर्ग, शुक्रवारला स आणि ह. आपल्याकडे २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी ४ चरणांना एकेक अक्षर, म्हणजे १०८ अक्षरं; अश्विनीला चू, चे, चो, ला. संयुक्त राष्ट्रांचे दोन सरचिटणीस, बर्मी ऊ थांट आणि घानाचे कोफी अन्नान, दोघंही शुक्रवारचे. थांट हे नाव बर्मीत ‘स’नेच लिहितात, फक्त उच्चार ‘थ’च्या जवळचा होतो.

वारावर स्वभाव ठरत नाही, हे उघड आहे. पण वाराच्या नावावर? अकान समजुतीत क्वाड्वो शांत आणि क्वाकू तापट. मानसशास्त्रज्ञ गुस्ताव जाहोदा यांनी कुमासी शहरातल्या बालगुन्हेगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५४ साली निष्कर्ष छापला : मारामारीसारख्या हिंसक गुन्ह्यांत बुधवारची मुलं अपेक्षेपेक्षा जास्त होती, तर सोमवारची मुलं एकूणच गुन्ह्यांत कमी. लहानपणापासून ‘तू क्वाकू, तू भांडणारच’ असं ऐकत वाढलेलं मूल त्या अपेक्षेला जागतं, असा याचा एक उलगडा. एकाच शहरातला अभ्यास आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी मुलाला लाडानं ‘मठ्ठू’ म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवावा.

नावं स्थलांतराची नोंदही ठेवतात. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात एक दानलेख आहे. तिथल्या भिक्षूंसाठी गाव दान देणारा उसभदात, म्हणजे ऋषभदत्त, हा क्षत्रप (शक राजे लावत ती पदवी) नहपानाचा जावई. नाशिकच्या लेखात तो स्वतःला शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी, म्हणवतो. त्याच्या बापाचं नाव दिनीक, सासऱ्याचं नहपान, दोन्ही परकी. पण मुलगा ऋषभदत्त, आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा! बाहेरून आलेलं घराणं इथलं कसं झालं, ते दोन पिढ्यांच्या चार नावांत दिसतं.

आजचं नाव कोणतं काम करतं? पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीत आरव, आरुष, आराध्या, आर्या सापडतील, आणि प्रत्येकाच्या आईबाबांनी ते नाव वेगळं म्हणून निवडलेलं असतं. २००३मध्ये हान आणि बेंटली यांनी अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या नावांचा अभ्यास केला. पालक आजूबाजूची नावं नुसती उचलतात आणि अधूनमधून एखादं नवं घडवतात, एवढंच गृहीत धरलं तरी खऱ्या नावांच्या लोकप्रियतेचं चित्र जवळपास हुबेहूब मिळतं. जनुकांच्या यादृच्छिक बदलाला लावतात तेच हे गणित. शिवाय आपण बहुधा पूर्ण नावाऐवजी ध्वनी उचलतो. २००५च्या कतरीना चक्रीवादळाच्या बातम्यांत ते नाव सतत कानावर पडलं, आणि त्यानंतर अमेरिकेत ‘क’ ध्वनीनं सुरू होणारी बाळांची नावं सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. वादळाचं नाव म्हणून ते कुणी आवडीनं घेतलं नसणार. कानात मात्र ‘क’ रेंगाळत राहिला. आपल्याकडे सध्या तसाच ‘आ’ रेंगाळतो आहे.