पाइनच्या खोडातले ऑक्सिन: ‘किती’पासून ‘कुठे’पर्यंत

पाइनच्या ओंडक्याचा आडवा काप भिंगाखाली धरला की प्रत्येक वार्षिक वलयात दोन पट्टे दिसतात. आतला फिकट पट्टा मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशींचा, ते वसंतकाष्ठ. बाहेरचा गडद पट्टा चपट्या, जाड भिंतींच्या पेशींचा, ते शरदकाष्ठ. सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग ट्रॅकीड या एकाच प्रकारच्या पेशींचा असतो, त्यामुळे त्यांची रुंदी आणि भिंतीची जाडी यांवरच लाकडाची घनता ठरते. साल आणि लाकूड यांच्यामधला नव्या पेशी बनवणारा थर, म्हणजे कँबियम, ऐन हंगामात पेशींची घडण का बदलते, हा जुना प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर गवताच्या अंकुरांतून आले. वनस्पतिशास्त्रज्ञ वेंट यांनी १९२६ ते १९२८ मध्ये ओटच्या अंकुराच्या टोकातला वाढीचा घटक अगारच्या, म्हणजे शैवालापासूनच्या जेलीच्या, ठोकळ्यात उतरवून दाखवला. १९३४ मध्ये इंडोल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे आयएए, हे ऑक्सिन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, ओळखले गेले. पुढच्याच वर्षी स्नो यांनी शेंडा छाटलेल्या सूर्यफुलाच्या रोपांना शुद्ध ऑक्सिन लावून कँबियम जागे केले.

सूचिपर्णी झाडांसाठी निर्णायक काम लार्सन यांचे. त्यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत रेड पाइनच्या रोपांना कृत्रिम दिवसमान दिले. दिवस लांब ठेवले तोवर शेंडा वाढत राहिला आणि रुंद पेशी बनत राहिल्या. दिवस आखूड करताच शेंडा थांबला आणि अरुंद पेशी सुरू झाल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की शेंड्याकडून येणारे ऑक्सिन ओसरले की शरदकाष्ठ सुरू होते. मांडणी सुबक होती, आणि लाकडाच्या दर्जाचा विचार झाडाच्या माथ्यापासून करायला तिने शिकवले. हे श्रेय आजही लार्सन यांचेच.

अशा तर्कांची कसोटी ज्या प्रयोगाने घेतली जाते तो दिसायला सोपा आहे. वसंतात कळ्या फुगण्याआधी एक वर्षाच्या फांदीचा शेंडा छाटायचा. आयएए थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून कोमट लॅनोलिनमध्ये (लोकरीतल्या मेणात) दर ग्रॅमला १ मिलिग्रॅम या प्रमाणात घोटायचे, छाटलेल्या टोकावर लेप द्यायचा आणि उजेडाने आयएए विघटित होते म्हणून वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा. दर आठवड्याला नवा लेप. तुलनेसाठी दुसऱ्या फांदीला नुसते लॅनोलिन. एखादी कळी राहून गेली तर ती स्वतःचे ऑक्सिन पुरवते आणि तुलना बिघडते. शरदात हाच प्रयोग केला तर काहीच घडत नाही: कँबियम गाढ सुप्तावस्थेत असते, आणि पुरेशी थंडी मिळेपर्यंत ते ऑक्सिनला दाद देत नाही. मात्रा जास्त झाली तर कंप्रेशन वूड तयार होते.

हे तांबूस, जड लाकूड एरवी कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला सापडते. त्याच्या पेशी गोल असतात, त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि पेशीभिंती ताठ करणारे लिग्निन जास्त असते. वाळताना ते लांबीत नेहमीच्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त आकसते, म्हणून फळ्या वाकतात. ऑक्सिन लावूनही ते बनते, हे १९४२ मध्येच व्हाइट पाइनच्या रोपांवर दिसले होते. म्हणून खाली ऑक्सिन साचते, असे मानणे स्वाभाविक होते.

मोजमाप मात्र बराच काळ ढोबळच राहिले. खोडात ऑक्सिन ताशी सुमारे १ सेंटीमीटर सरकते. म्हणजे २० मीटर उंचीच्या टोकावरून बुंध्यापर्यंत यायला सुमारे ८३ दिवस लागतील! तेव्हा ‘आज शेंडा थांबला, आज बुंध्याशी ऑक्सिन संपले’ असे सरळ गणित जमत नाही. शिवाय कँबियमचा खरवडलेला सगळा थर एकत्र वाटून मोजला, की कोणत्या पेशीत किती ऑक्सिन आहे ते कळायला मार्ग उरत नाही.

ही अडचण स्वीडनमधल्या उमिओ इथल्या गटाने सोडवली. स्कॉट्स पाइनचा गोठवलेला तुकडा सालीला समांतर ३० मायक्रोमीटर जाडीच्या चकत्यांमध्ये कापून प्रत्येक चकतीतले आयएए मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखण्याच्या तंत्राने, मोजले. १९९६ मध्ये त्यांनी दाखवले, की ऑक्सिनचे शिखर कँबियमपाशी असते आणि दोन्ही बाजूंना ते वेगाने घटते. पेशीला आपली जागा या उतारावरून कळू शकते. २००१ मध्ये शरदकाष्ठाची पाळी आली. एकूण ऑक्सिन घटलेच नव्हते. त्याची वाटणी बदलली होती आणि कँबियममधली तीव्रता उलट वाढली होती. लार्सन यांच्या अपेक्षेच्या नेमके विरुद्ध! २००४ मध्ये कललेल्या पाइनमध्येही ऑक्सिनच्या वाटपात ठळक बदल न होताच कंप्रेशन वूड बनल्याचे आढळले. तिथून लक्ष साठ्यावरून पेशींच्या प्रतिसादाकडे, आणि एथिलीनसारख्या दुसऱ्या संप्रेरकांकडे अधिक वळले.