ओटीपोटातला संसर्ग: दुखणं थोडं, नुकसान मोठं

गर्भनलिका जेमतेम 10-12 सेंटीमीटर लांब. गर्भाशयाजवळ तिची आतली पोकळी तर साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे जाड दोरा जाईल एवढीच. आत सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. ते हलत राहतात आणि बीज गर्भाशयाकडे सरकतं. जंतू इथवर चढले की हे केस झडतात, सुजलेल्या भिंती एकमेकींना चिकटतात. औषधाने जंतू मरतात, पण पडलेला व्रण सुटत नाही. मग गर्भ राहत नाही किंवा नळीतच रुजतो. अशी नळी फुटली तर जिवावर बेतते.

गर्भाशय आणि नळ्यांच्या या संसर्गाला डॉक्टर ‘पीआयडी’ (पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज) म्हणतात. एरवी गर्भाशयमुखातला चिकट स्राव जंतूंना अडवतो. लैंगिक संबंधांतून आलेले क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचे जंतू हा अडसर मोडतात आणि योनीतले इतर जंतूही मागोमाग वर जातात. तांबीला मात्र उगाच बोल लावला जातो. तिच्यामुळे धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरचे पहिले 3 आठवडे.

ताप येईलच असं नाही. ओटीपोटात बोथट दुखणं, संबंधांच्या वेळी कळ, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, अंगावरून वास येणारं पांढरं-पिवळं जाणं, एवढंच असू शकतं. क्लॅमिडियात पुष्कळदा तेही नसतं.

खात्रीने निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर आतून तपासताना गर्भाशयमुख बोटांनी हळूच हलवतात. त्या वेळी कळ आली, तर इतर कारण दिसत नसताना उपचार लगेच सुरू करणंच शहाणपणाचं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं होत नाही. गर्भचाचणी मात्र आधी हवीच, कारण नळीतला गर्भही असाच दुखतो.

रूढ उपचार म्हणजे सेफ्ट्रियाक्झोन 500 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन आणि 14 दिवस रोज दोनदा डॉक्सिसायक्लिन 100 व मेट्रोनिडॅझोल 500 मिलिग्रॅम. (गरोदरपणात औषधं वेगळी.) बिघडतं ते बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी: दुखणं थांबतं आणि गोळ्याही थांबतात. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजते.

मागच्या 60 दिवसांतल्या जोडीदारालाही, त्रास नसला तरी, औषध द्यावं लागतं. नाहीतर तोच संसर्ग परत येतो. 72 तासांत उतार पडला नाही, उलट्यांमुळे गोळ्या टिकत नसल्या किंवा बीजकोशाजवळ पू साठला, तर शिरेतून औषध देण्यासाठी दाखल व्हावं लागतं.