उचल वेगळी, वेठबिगारी वेगळी

विटांचा पुरवठादार नवा असला की मुंबईतली बांधकाम कंपनी त्याच्याकडून फॉर्म भरून घेते. त्यात 'वेठबिगार आहेत का?' या प्रश्नासमोर हमखास लिहिलेलं असतं, 'नाही, मजूर राजीखुशीने उचल घेऊन येतात.' खरेदी विभागात असे फॉर्म वाचून वाचून माझं डोकं उठलंय. आणि आपल्यातलेच काहीजण उलट टोकाला जाऊन उचल दिसली की वेठबिगारीचा शिक्का मारतात, तेही चूकच.

उचल काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आपणही गणपतीला पगारातून घेतो. व्याज आहे की नाही, कागद केला की तोंडी, याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

बघायचं ते एवढंच: पैसे फिटायच्या आत माणूस काम सोडून जाऊ शकतो का? आपण नोकरी सोडली तर कंपनी हिशोबातून उचल कापून घेईल, फार तर कोर्टात जाईल. दुसरी नोकरी धरायला अडवणार नाही. उचलीपायी ही मोकळीक गेली की 1976 च्या वेठबिगारी बंदी कायद्याने ती वेठबिगारी. मजुराने स्वतः अंगठा दिला होता, हा बचाव तिथे चालत नाही. कर्जच रद्द होतं, आणि ते वेठीचं नव्हतं हे पैसे देणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं.

पालघरमधल्या वाडा तालुक्याच्या बाजूला एका वीटभट्टीवर मी मुकादमाची वही पाहिली. दिवाळीनंतर आलेल्या कातकरी जोडप्याच्या नावापुढे उचल, खाली दर आठवड्याला खाण्यापिण्यासाठी दिलेली खर्ची, सगळं तारखेनिशी. त्यांनी साच्यातून पाडलेल्या विटांचा रकाना मात्र कोरा. तो हिशोब म्हणे पावसाच्या तोंडावर. पोरगं तापाने फणफणलं तेव्हा बाईला गावी जायचं होतं. "नवऱ्याला इथं ठेवून जा," असं तिला सांगितलं गेलं.

'आम्ही मजुरी देतो' हेही पुरेसं नाही. दिल्लीतल्या एशियाड स्पर्धेच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम 23 खाली सक्तीचंच काम.

तेव्हा फॉर्म बाजूला ठेवा, वही मागा, मुकादम नसताना बायकांशी बोला. आणि काही आढळलं तर नुसती ऑर्डर रद्द करून हात झटकू नका. त्याने वहीतला आकडा पुसला जात नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या आणि त्या कुटुंबाला वेठबिगारीतून मुक्ततेचा सरकारी दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा करा.