निकलाउस विर्थ
निकलाउस विर्थ (१५ फेब्रुवारी १९३४ – १ जानेवारी २०२४) हे स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ. पास्कल, मॉड्युला-२ आणि ओबेरॉन या प्रोग्रामिंग भाषा त्यांच्या. जन्म विंटरथूरचा, पदवी झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून (१९५९), पीएचडी बर्कलीतून (१९६३) आणि मग १९६७ पर्यंत स्टॅनफर्डला शिकवलं.

अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेच्या पुढची भाषा ठरवणाऱ्या आयएफआयपीच्या (संगणक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) गटात ते होते. तिथे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्यासोबत त्यांनी एक आटोपशीर प्रस्ताव दिला, तो १९६६ मध्ये छापूनही आला, पण गटाने डच संगणकशास्त्रज्ञ व्हान वाइनखार्डन यांचा बराच गुंतागुंतीचा आराखडा उचलला आणि त्यातून अल्गोल ६८ झाली. विर्थ गटातून बाहेर पडले. त्यांचा प्रस्ताव अल्गोल डब्ल्यू या नावाने स्टॅनफर्डला चालू झाला.

पास्कलचं वर्ष कुणी १९६८ देतं, कुणी १९७०, कुणी १९७१. डिझाइन साधारण १९६८-६९ चं, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) चालला १९७० मध्ये, आणि भाषेची व्याख्या जर्नलमध्ये आली १९७१ ला. त्यातलं १९७० धरलेलं जास्त पटतं, कारण तोवर सगळं कागदावरच होतं: फोरट्रान या जुन्या भाषेत कंपायलर लिहायचा पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला, मग तो पास्कलमध्येच लिहून हाताने खालच्या पातळीच्या, म्हणजे यंत्राच्या जवळच्या भाषेत उतरवला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली.

कंपायलर सोर्स (प्रोग्रामचा मजकूर) एकदाच वाचत जाणार म्हणून पास्कलमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट वापरायच्या आधी जाहीर करावी लागते. ॲरेची (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या यादीची) लांबी टाइपचाच, म्हणजे डेटाच्या प्रकाराचाच भाग, त्यामुळे १० पूर्णांकांचा ॲरे वेगळा आणि २० चा वेगळा, दोन्हीला चालेल अशी क्रम लावणारी एकच सॉर्ट प्रोसीजर मूळ पास्कलमध्ये लिहिताच येत नाही. यावरून पास्कलवर टीका होते, ती रास्तच आहे. भाषेच्या १९८३ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात यावर वाट काढली, पण तीही मानकाच्या दोन स्तरांपैकी वरच्या स्तरापुरती, सगळ्या कंपायलरना सक्तीची नाही. तरीही शिकवायला इतकी स्वच्छ भाषा त्या काळात दुसरी नव्हती, म्हणूनच ती विद्यापीठांमध्ये एवढी पसरली.

१९७६-७७ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात राहून आले, मग मॉड्युला-२ आणि लिलिथ हा संगणक आला, १९८४ ला ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला. पुढे ईटीएचमधले सहकारी युर्ग गुटक्नेश्ट यांच्यासोबत ओबेरॉन, म्हणजे भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही. १९९९ ला ते ईटीएचमधून निवृत्त झाले, पण २०१३ मध्ये ओबेरॉनची नवी आवृत्ती काढली तेव्हा ती चालवायचा प्रोसेसरसुद्धा त्यांनी स्वतःच डिझाइन केला.