डोळ्यांत पाणी आणणारे गाणे आणि गाजणारे गाणे

कोल्हापुरात पेटी शिकणाऱ्या कोणालाही घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. पेटीची पांढरी एक ही पट्टी षड्ज म्हणजे सा मानून मध्य सप्तकातले सा, ग आणि प एकत्र दाबून धरावेत, आणि त्यावर गळ्याने शुद्ध मध्यम (म) लांबवून मग सावकाश गंधारावर (ग) उतरावे. पेटीतल्या गंधाराची सेकंदाला सुमारे 330 कंपने होतात आणि गळ्यातल्या मध्यमाची सुमारे 349. हे दोन स्वर इतके जवळचे आहेत की अंतर्कर्णातील आधारपटलावर ते जवळजवळ एकाच जागी कंप निर्माण करतात. कानाला ते नीट वेगळे करता येत नाहीत आणि सेकंदाला सुमारे 20 वेळा होणारी ध्वनीच्या तीव्रतेची चढउतार आपल्याला खरखरीसारखी जाणवते. आवाज गंधारावर विसावताच ती खरखर नाहीशी होते. संथ पॉप गाण्यांतल्या हुरहुरीचा मोठा भाग या लहानशा ताणात आणि त्याच्या सुटण्यात आहे.

पाश्चात्य संगीतात या अलंकाराला अपॉजियातुरा म्हणतात. गायक उस्ताद अल्लादिया खाँ आणि देवल क्लब ही संगीतसंस्था यांच्या या गावात कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा शेजारचा स्वर) किंवा मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे स्वराचा ताण तानपुऱ्यातल्या अढळ षड्जाशी असतो, तर पॉप गाण्यात तो पियानोच्या दर काही मात्रांनी बदलणाऱ्या स्वरसमूहाशी असतो, त्यामुळे एकच स्वर एका क्षणी परका आणि पुढच्याच क्षणी घरचा होऊ शकतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी संगीत ऐकताना शरीरात काय घडते हे श्रोत्यांना विचारले आणि त्यांनी सांगितलेल्या जागा स्वरलिपीत तपासल्या. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रडू आणणाऱ्या बहुतेक जागी हाच अलंकार आढळला, तर अंगावर काटा येण्याचा संबंध स्वरसमूहातील अनपेक्षित बदलाशी दिसला.

अडेल या ब्रिटिश गायिकेच्या ‘समवन लाइक यू’ या 2011 सालच्या गाण्याचा या संदर्भात फार उल्लेख झाला. त्यातील जागा काटेकोर अर्थाने अपॉजियातुरा आहेत का, यावर जाणकारांत मतभेद झाले. माझ्या मते त्या वादापेक्षा गाण्याची एकूण बांधणी अधिक बोलकी आहे. डॅन विल्सन यांच्यासह रचलेल्या या गाण्यात पियानो आणि गळा यांशिवाय काही नाही, लय मिनिटाला सुमारे 67 ठोक्यांची आहे, कडवी खालच्या स्वरांत जवळजवळ बोलल्यासारखी जातात आणि ध्रुवपदाला आवाज एकदम वर उसळतो. श्रोत्याला ती उसळी येणार हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. माँट्रिअल येथील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाच्या अनुभवाशी निगडित रसायन स्रवते, आणि ते उत्कट क्षणाच्या आधी, त्याची वाट पाहताना, मेंदूच्या एका भागात, तर प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात स्रवते. 1919 साली कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांची भावगीते मन लावून ऐकणाऱ्याला ही वाट पाहणे चांगलेच ओळखीचे असेल.

पण उत्तम बांधलेले प्रत्येक गाणे गाजत नाही, आणि इथे स्वरशास्त्र अपुरे पडते. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14,341 जणांनी अपरिचित वादकवृंदांच्या 48 गाण्यांतून आपल्या पसंतीची गाणी उतरवून घेतली (डाउनलोड केली). काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांची 8 स्वतंत्र गटांत विभागणी करून आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले हेही त्यांना दाखवले होते. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, परंतु प्रत्येक गटात ती वेगवेगळी होती. आकड्यांविना 26व्या क्रमांकावर राहिलेले एक गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात 40वे. अतिशय चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अतिशय वाईट वर आली नाहीत, एवढाच गुणवत्तेचा हात. मधल्या गाण्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या काही श्रोत्यांनी ठरवले.

अडेलचे गाणेही ध्वनिमुद्रिकेत आधीपासून होते, पण फेब्रुवारी 2011 मध्ये लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात दूरचित्रवाणीवर ते लाखोंनी एकाच वेळी ऐकले आणि त्यानंतर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कोल्हापुरातला एखादा तरुण संगीतकार आज आपले गाणे इंटरनेटवर टाकतो तेव्हा त्याखाली दिसणारा आकडाही पुढच्या श्रोत्याच्या कानावर असाच परिणाम करत असतो. सॅल्गॅनिक आणि वॉट्स यांनी पुढे हे आकडे मुद्दाम उलटे करून, सर्वांत नावडते गाणे सर्वांत लोकप्रिय असल्याचे भासवूनही पाहिले. काही गाण्यांची खोटी लोकप्रियता खरी झाली, तरी अव्वल गाणी कालांतराने पुन्हा वर सरकली. मात्र त्या गटांत लोकांनी एकूणच कमी गाणी उतरवून घेतली.