फुल रेंज, पण पान उघडत नाही: गर्दीतल्या वाय-फायची पार्श्वभूमी

बसस्थानक असो, मंगल कार्यालय असो की जिल्हा क्रीडा संकुल. वाय-फाय बसवायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, 'हे मशीन किती फुटांपर्यंत चालतं?' विक्रेताही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. तो चार अँटेनांचं, जास्त ताकदीचं मशीन पुढे करतो आणि सौदा पटतो. उद्घाटनाच्या दिवशी मोबाइलवर रेंजच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो मात्र गोल गोल फिरत राहतो.

गर्दीच्या जागी अंतराचा प्रश्न फार लवकर सुटतो. अडतं ते पाळीपाशी. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. हजार माणसं जमली की ताकद वाढवून काहीच हाती लागत नाही, उलट आवाज लांबवर गेल्याने थांबणाऱ्यांची संख्याच वाढते. ही गोष्ट कागदावर फार आधीपासून माहीत होती. बाजारात आणि निविदांत उतरायला तिला काही दशकं लागली.

कागद सुरू होतो हवाई बेटांवर. १९७१मध्ये नॉर्मन ॲब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात रेडिओवरून संगणक जोडले. मुख्य संगणक ओआहू बेटावर, वापरणारे बाकीच्या बेटांवर, मध्ये समुद्र. सगळ्यांना एकच लहर वाटून द्यायची होती, तेव्हा त्यांनी नियम केला अगदी साधा: निरोप आला की पाठवून द्या. दोघांचे निरोप एकमेकांवर आदळले आणि पोच मिळाली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवा. या 'अलोहा' पद्धतीचं गणित मांडलं तेव्हा निघालं की चॅनेलच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी पडते. वेळेचे ठरावीक कप्पे पाडले तर ती ३७ टक्क्यांवर जाते. त्यापुढे गर्दी वाढली की निरोप पोचण्याचं प्रमाण वाढत नाही, कोसळतं. गर्दीतल्या वाय-फायचं दुखणं या आकड्यांत तेव्हाच दिसत होतं.

वाय-फायचा पुढचा धागा अमेरिकेत. १९८५मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तीन पट्टे विनापरवाना वापराला खुले केले. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्झचा. हे पट्टे म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी बाजूला ठेवलेली जागा. दूरसंचाराच्या धंद्यात तिला कोणी विचारत नव्हतं. तिचा फायदा उचलला तो गल्ल्यावरची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीने. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या तारा पुन्हा ओढाव्या लागत, तो खर्च टाळायचा होता. नेदरलँड्समधल्या न्यूवेखाइन इथल्या त्यांच्या शाखेत वेव्हलॅन हे बिनतारी जाळं तयार झालं, आणि तिथलेच व्हिक हेस पुढे ८०२.११ या, म्हणजे वाय-फायच्या तांत्रिक, मानकाच्या समितीचे पहिले अध्यक्ष झाले. १९९७मध्ये मानक आलं, वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट. १९९९मध्ये ८०२.११बी आलं आणि वेग ११वर गेला. त्याच वर्षी ॲपलने लॅपटॉपसाठी 'एअरपोर्ट' नावाचं वाय-फाय बाजारात आणलं आणि वाय-फाय घरात शिरलं.

जन्म दुकानाच्या गल्ल्यावर झाला, ही गोष्ट विसरू नये. एका छताखाली पाच-दहा यंत्रं, तीही अधूनमधून चार अक्षरं पाठवणारी, एवढंच डोळ्यांसमोर होतं. म्हणून रचना अशी केली की कोणी मुकादम नको. प्रत्येक यंत्राने आधी कानोसा घ्यायचा, हवा शांत असेल तर बोलायचं, नसेल तर मनाशी एक आकडा धरून तेवढं थांबायचं. अलोहापेक्षा हे कितीतरी बरं, पण मुळात वृत्ती तीच. मोबाइलच्या मनोऱ्याचं असं नसतं. तिथे कोणाला कधी आणि किती, हे मनोरा ठरवतो. माझ्या मते वाय-फायची ही मोकळीक चूक नव्हती. तिच्यामुळेच ते स्वस्त झालं, परवान्याशिवाय जगभर गेलं. पण तिची किंमत गर्दीत मोजावी लागते.

ती कशी, हे मार्च २००५मध्ये मिनियापोलिसला दिसलं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची बैठक होती, म्हणजे खोलीत बसलेल्या जवळपास प्रत्येकाकडे लॅपटॉप. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी तिथली हवा नोंदवून ठेवली. लॅपटॉपचा निरोप दुसऱ्याच्या निरोपावर आदळून हरवला की त्यातलं सॉफ्टवेअर समजायचं, सिग्नल कमजोर झालाय. मग ते आपला वेग ११ मेगाबिटवरून १वर आणायचं. वेग उतरला की तोच निरोप पाठवायला कितीतरी पट वेळ लागतो, तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात, आणखी निरोप आदळतात, आणखी लॅपटॉप वेग उतरवतात. चाळीतल्या एकुलत्या नळाला बारीक धार लावून कोणी मोठं पिंप भरत बसावं आणि मागे रिकाम्या कळश्यांची रांग वाढत जावी, तसा हा प्रकार. रांगेतल्याची कळशी कितीही लहान असो, त्याला थांबावंच लागतं. वाय-फाय पाळी समान वाटतं, वेळ समान वाटत नाही. एक संथ उपकरण सगळ्यांना आपल्या पातळीवर ओढतं.

जगाने हे तमाशासारखं पाहिलं ते जून २०१०मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत होते आणि मंचावर वेबपान काही उघडेना. सभागृहात वाय-फायची ५७० केंद्रं चालू आहेत, असं त्यांनीच मग सांगितलं. ती केंद्रं आयोजकांची नव्हती. पत्रकार आणि ब्लॉगरांनी खिशात आणलेली छोटी हॉटस्पॉट होती. लॅपटॉप मिटून खाली ठेवा, अशी विनंती करावी लागली. ज्याला त्याला स्वतःचं इंटरनेट हवं होतं, आणि त्यापायी सगळ्यांचंच बुडालं. हॉटेलांनी यावर भलताच मार्ग काढला: नॅशव्हिलमधल्या मॅरियटच्या एका हॉटेलात अधिवेशनाला आलेल्यांची खासगी हॉटस्पॉट यंत्रणेने पाडली जात, आणि हॉटेलचं वाय-फाय महाग दराने विकलं जाई. २०१४मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्याबद्दल सहा लाख डॉलरची वसुली केली. तेव्हापासून 'बाहेरची हॉटस्पॉट बंद पाडू' हा उपाय कोणी सुचवला तर तो कायद्यात बसतो का, हे आधी पाहावं लागतं.

खरा मार्ग स्टेडियमवाल्यांनी शोधला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानात २००४पासून वाय-फाय होतं, पण मोबाइलवर व्हिडिओ आला तेव्हा छपराला टांगलेल्या ताकदवान केंद्रांचा धीर सुटला. वरून टाकलेला सिग्नल दहा हजार फोनना ऐकू जातो, म्हणजे दहा हजार फोन एकाच रांगेत. मग उलटा विचार झाला. केंद्रं लहान, ताकद कमी आणि संख्या भरमसाट. सांता क्लारातलं लिव्हाइज स्टेडियम २०१४मध्ये उघडलं तेव्हा तिथे साधारण १,२०० ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायची केंद्रं, होते आणि त्यांतले बरेचसे चक्क खुर्च्यांखाली. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी या लहरी शोषतं, ही अडचण त्यांनी सोय म्हणून वापरली: प्रेक्षकांच्या रांगाच भिंतींचं काम करतात, एका केंद्राचा आवाज पन्नास-शंभर खुर्च्यांपलीकडे जात नाही, आणि तोच चॅनेल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतो. फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याला त्या वाय-फायवरून १० टेराबाइटहून जास्त डेटा गेला.

याच काळात इंजिनिअरांना आणखी एक गळती सापडली, आणि ती आजही आपल्याकडच्या बऱ्याच जागी बंद केलेली नसते. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपलं नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारतो. जुन्या उपकरणांनाही कळावं म्हणून ते सर्वांत संथ वेगाने, २.४ गिगाहर्ट्झवर १ मेगाबिटने. तीनशे बाइटच्या एका पुकाऱ्याला अडीच मिलिसेकंद लागतात असं धरा. म्हणजे एका नावामागे अडीच टक्के वेळ गेला. आता एका केंद्रावर चार नावं ठेवली ('पाहुणे', 'कर्मचारी', 'व्हीआयपी', 'चाचणी') आणि एकाच चॅनेलवरची पाच केंद्रं एकमेकांना ऐकू येत असली, तर वीस नावं झाली. निम्मा वेळ नुसता नाव सांगण्यात संपला, अजून कोणी एक अक्षर पाठवलेलं नाही! कमी वेग बंद करणं आणि नावं एक-दोनवर आणणं, या दोन कामांना नवं यंत्र लागत नाही.

भारतात हे सगळं उशिरा आणि वेगळ्या वळणाने आलं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे २००५मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ मात्र बराच काळ मुख्यतः इमारतीच्या आतल्या वापरापुरताच होता, उघड्यावर त्यातला मोजकाच तुकडा मिळे. म्हणजे ज्या देशात गर्दी छताखाली कमी आणि फलाटावर, घाटावर, मैदानावर जास्त, तिथे उघड्यावरच्या वाय-फायला बहुतांशी २.४मधल्या एकमेकांवर न चढणाऱ्या तीन चॅनेलांवर भागवावं लागलं. ऑक्टोबर २०१८मध्ये नियम बदलला आणि ५ गिगाहर्ट्झमधली एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा आत-बाहेर दोन्हीकडे खुली झाली. गर्दीच्या जागेसाठी ही अधिसूचना कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोठी घटना होती, पण तिची बातमी आतल्या पानावर गेली.

त्याआधीच, जानेवारी २०१६मध्ये, मुंबई सेंट्रलला रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं होतं. रेलटेलची ऑप्टिकल फायबर रुळांच्या कडेने आधीच गेलेली होती, त्यामुळे केंद्रापासून इंटरनेटपर्यंतची मागची वाहिनी भक्कम होती. गर्दीतल्या बऱ्याच योजना जिथे गळपटतात ती ही बाजू. जून २०१८पर्यंत योजना ४०० स्टेशनांवर पोचली. जानेवारी २०१७मध्ये राज्य सरकारचं 'आपले सरकार मुंबई वाय-फाय' ५०० हॉटस्पॉटांनिशी आलं.

स्टेशनची गर्दी स्टेडियमसारखी नसते, ही बाब परदेशी आराखड्यात दिसत नाही. प्रेक्षक तीन तास एका खुर्चीवर बसतो. दादरला फलाटावरचा माणूस तीन मिनिटांत लोकलमध्ये चढतो. पण तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन ओळखीचं नाव ऐकून आपणहून जोडला गेलेला असतो, त्याने एक आयपी पत्ता, म्हणजे त्या जाळ्यातला आपला तात्पुरता क्रमांक, घेतलेला असतो, ओटीपीचं पान त्याने पाहिलेलंही नसतं. गाडी गेली तरी तो पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. छोट्या जाळ्यात असे पत्ते २५४च असतात. मुदत दिवसभराची ठेवली तर सकाळच्या दोन-तीन गाड्यांतच ते संपतील आणि खरा वापरणारा ताटकळेल. शिवाय न थांबणारी फास्ट लोकल जाते तेव्हा आतले शेकडो फोन 'कोणी ओळखीचं आहे का' असं हवेत विचारत जातात, तेही संथ वेगाने. जोडले न जाताच ते फलाटावरच्यांचा वेळ खातात. म्हणून स्टेशनसाठी यंत्रणा निवडताना वेगापेक्षा पत्त्यांचा साठा, त्यांची मुदत आणि लॉगिनचं पान किती हलकं आहे हे आधी पाहायला हवं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं कारण देत गूगलने हात आखडता घेतला. रेलटेलने सेवा चालू ठेवली, २०२१मध्ये ती सहा हजार स्टेशनांवर गेली. 'आता वाय-फाय कशाला?' हा प्रश्न तेव्हा रास्त वाटला. पण गर्दीत मोबाइलचा मनोराही दमतो, म्हणून तर कुंभमेळ्यात कंपन्या चाकांवरचे तात्पुरते मनोरे आणून उभे करतात. वाय-फाय तिथे स्वस्त इंटरनेट म्हणून येत नाही, मनोऱ्यावरचा भार उतरवायला येतं.

वाय-फायच्या मूळ स्वभावाला हात घातला तो ८०२.११एएक्सने, म्हणजे वाय-फाय ६ने. त्याआधीच्या दोन पिढ्यांची अधिकृत बिरुदं 'जास्त वेग' आणि 'फारच जास्त वेग' अशी होती. या पिढीचं बिरुद 'उच्च कार्यक्षमता' असं ठेवलं गेलं. प्रमाणपत्रं २०१९मध्ये सुरू झाली, मानकाला मंजुरी २०२१मध्ये मिळाली. यात ॲक्सेस पॉइंट २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे नऊपर्यंत तुकडे पाडून एकाच वेळी नऊ उपकरणांना वाटू शकतो, आणि कोणी कधी बोलायचं हेही ठरवू शकतो. मोबाइलच्या मनोऱ्याची शिस्त अखेर वाय-फायने उचलली. मात्र ती पाळतात ते नवे फोन. जुने फोन पहिल्यासारखेच कानोसा घेऊन मध्येच बोलतात. विक्रेत्याने वाय-फाय ६ किंवा ७चं यंत्र दाखवलं की आपल्या जागी येणाऱ्या लोकांच्या हातात कोणते फोन आहेत, हे आधी विचारावं. गावच्या जत्रेत आणि हिंजवडीच्या परिषदेत उत्तर एकच येणार नाही.

आता चर्चा ६ गिगाहर्ट्झची आहे. अमेरिकेने तो १,२०० मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा २०२०मध्ये खुला केला. आपल्याकडे मे २०२५मध्ये खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम आले. वरचा भाग मोबाइल कंपन्यांना हवा होता. मसुद्यात परवानगी इमारतीच्या आत कमी ताकदीने, आणि उघड्यावर अगदीच क्षीण ताकदीने होती. प्रदर्शनाचे हॉल, मॉल, विमानतळ यांना त्यातून मोठा श्वास मिळेल. नाशिकच्या रामकुंडावर, जिथे २०२७च्या सिंहस्थात लाखोंची दाटी होणार, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. घाटासाठी जो कोणी आराखडा करेल त्याच्या हाती २०१८मध्ये मिळालेले ६०५ मेगाहर्ट्झ, मोबाइल कंपन्यांचे मनोरे आणि खांबांपर्यंत ओढलेली फायबर एवढंच आहे, आणि किती अंतरावर किती खांब उभे करता येतील ही परवानगी त्यात सर्वांत महाग पडणार आहे.