बॅरीच्या भंगारातून वाचलेली इंजिनं

कीथली ते ऑक्सनहोप हा यॉर्कशरमधला जेमतेम आठ किलोमीटरचा रेल्वेफाटा. 1867 साली सुरू झालेला. ब्रिटिश रेल्वेनं 1961 च्या अखेरीस इथली प्रवासी वाहतूक बंद केली. स्थानिक लोकांनी आणि रेल्वेवेड्यांनी संस्था काढली, मार्ग ताब्यात घ्यायचा ठरवला आणि 29 जून 1968 रोजी गाडी पुन्हा सुरू करून दाखवली, तीही वाफेवर. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 11 ऑगस्टला, ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गांवरच्या वाफेला निरोप दिला. 1948 मध्ये तिच्याकडे वीस हजारांवर वाफेची इंजिनं होती. 1955 च्या आधुनिकीकरण योजनेत डिझेल आणि वीज आली आणि ही सगळी भंगारात निघाली.

मग आज सुट्टीच्या दिवशी घरंच्या घरं ज्या इंजिनांमागे बसून फिरतात, ती आली कुठून? बरीचशी दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदरातून. तिथे डाय वुडहॅम यांचा भंगाराचा धंदा होता. त्यांनी 297 इंजिनं विकत घेतली. पण त्याच काळात रेल्वेनं मालडबेही ढिगांनी काढले होते. डबे तोडायला सोपे, पैसाही लवकर सुटायचा. त्यामुळे माणसं डब्यांच्या कामाला लागली आणि इंजिनं मागच्या रुळांवर वर्षानुवर्षं उभी राहिली. खाऱ्या वाऱ्यानं पत्रे गंजले, तांब्यापितळेचे भाग गेले, पण सांगाडे टिकले. हौशी मंडळी वर्गणी जमवेपर्यंत वुडहॅम थांबत. या माणसाचे उपकार मोठे आहेत. 213 इंजिनं वाचली. त्यातलं पहिलं, 1920 साली डर्बीत बांधलेलं 43924 क्रमांकाचं मालगाडीचं इंजिन, सप्टेंबर 1968 मध्ये बाहेर पडलं आणि आलं ते याच कीथलीच्या फाट्यावर. शेवटचं 1990 मध्ये निघालं. चित्रपटांत जादूच्या शाळेला मुलं घेऊन जाणारं ते लाल इंजिनही बॅरीचंच.

भंगारातून रुळावर यायला एकेका इंजिनाला कित्येक वर्षं लागली. बॉयलर उतरवायचा, नळ्या बदलायच्या, हरवलेले भाग नव्यानं ओतून घ्यायचे. साधारण दर दहा वर्षांनी बॉयलरचं हे काम पुन्हा काढावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं स्वयंसेवकच करतात.

माझे बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. आम्ही त्यांना कीथलीच्या फाट्यावर घेऊन आलो, तर तिथल्या हॉवर्थ स्टेशनवर ते डब्यात चढेचनात. इंजिनाशी उभं राहून फायरमनचं फावडं बघत बसले. "थोडा थोडा, पसरून टाकतोय. बरोबर आहे. एका जागी ढीग झाला की नुसता काळा धूर." वाटेत नातीनं खिडकीबाहेर डोकं काढलं आणि कोळशाची कणी डोळ्यात गेली. बाबांनी रुमालाचा बोळा केला, तोंडाच्या वाफेनं गरम करून तिच्या डोळ्यावर धरला. आमच्या लहानपणी प्रत्येक प्रवासात हेच व्हायचं.

जी इंजिनं बॅरीला पोचलीच नाहीत, त्यांच्यातले काही प्रकार समूळ गेले. ए-वन जातीची 49 जलद इंजिनं होती, एकही उरलं नाही. तेव्हा लोकांनी दरमहा थोडे थोडे पैसे घालून डार्लिंग्टनला नवंकोरं ए-वन बांधायला घेतलं. 'टॉर्नेडो' नावाचं ते इंजिन 2008 मध्ये धावलं.